एकशे त्रेचाळीसावं पान

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाला नऊ वर्षांपासून ग्रंथपाल नाही. जागा मंजूर आहे, खुर्ची आहे, खुर्चीवर टॉवेलही आहे; माणूस तेवढा नाही. कारभार पाहायचे पुंजाजी इंगोले. हुद्दा परिचराचा, म्हणजे पुस्तकं पुसायची, मांडायची आणि दार उघडायचं-लावायचं. पण अख्ख्या कामरगावात कोणालाही विचारलं की ग्रंथालय कोणाचं, तर लोक पुंजाजींचंच नाव घेत. मी तिथं इतिहास शिकवतो. मला राग चटकन येतो, हे आधीच सांगून ठेवतो, कारण या हकिकतीत तो बऱ्याचदा आला आहे.

पुंजाजींच्या बत्तीस वर्षांच्या नोकरीत एकही पुस्तक हरवलं नव्हतं. एकदा एका प्राध्यापकाने पुस्तक परत करायला उशीर केला, तेव्हा पुंजाजी त्याच्या लग्नाच्या मांडवात गेले, अक्षता टाकल्या, जेवले आणि नवरदेवाच्या बॅगेतून पुस्तक काढून घेऊन आले. तो नवरदेव मीच. यंदाच्या ३१ मेला ते निवृत्त होणार होते. त्या दिवशी चार्ज देताना रजिस्टरच्या शेवटच्या पानावर 'बाहेर असलेले साहित्य' या रकान्यात शून्य लिहायचं आणि खाली सही करायची, एवढी एकच इच्छा त्यांनी बाळगली होती. सत्कार नको, शाल नको, शून्य पाहिजे, असं ते वर्षभर ज्याला-त्याला सांगत होते.

त्याच वर्षी वरून पत्र आलं. विद्यार्थी आता ग्रंथालयात येत नाहीत, ते मोबाइलवर असतात, तेव्हा ग्रंथालयानेच मोबाइलवर जावं, असा त्याचा मथितार्थ. प्राचार्यांनी बैठक घेतली आणि मला ग्रंथालय समितीचा प्रमुख केलं, कारण बैठकीला मी नव्हतो. मी एका रविवारी बसून बाराशे पुस्तकांच्या पीडीएफ गोळा केल्या आणि विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ओतून मोकळा झालो. एक्केचाळीस अंगठे आले. दोघांनी शुभ सकाळ म्हटलं. एकाने विचारलं, सर, यातलं परीक्षेला काय येणार? एकानेही एकही फाइल उघडली नाही. मी त्या दिवशी घरी जेवलोही नाही, इतका चिडलो होतो.

मग कॉलेजने ग्रंथालयासाठी एक फोन घेतला आणि पुंजाजींच्या हातात दिला. मुलं मागतील ते पाठवा, असं प्राचार्यांनी सांगितलं. पुंजाजींनी फोन फडक्याने पुसला, दाखल नोंदवहीत त्याला ८४१२ हा क्रमांक दिला, पाठीवर कॉलेजचा गोल शिक्का मारला आणि कपाटात शब्दकोशाशेजारी उभा करून ठेवला. ग्रंथालयात शांतता पाळायची असते म्हणून त्याचा आवाज कायमचा बंद केला. त्यामुळे आलेला निरोप कोणालाच कळत नसे. पुंजाजी तो सकाळी अकराला आणि दुपारी चारला पाहत. मधल्या सुट्टीत कोणी काही मागितलंच, तर त्याला चार वाजता दारावरच्या 'जेवणाची सुट्टी' या पाटीचा फोटो मिळे.

पहिलं मागणं आमच्या बीएच्या विकासचं आलं. त्याला अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं एक पान हवं होतं. पुंजाजींनी उत्तर लिहिलं, 'बॅग बाहेर ठेवली का?' विकास आपल्या घरी खाटेवर पडलेला होता. त्याने 'हो काका' लिहिलं. मग पुंजाजींनी हजेरी रजिस्टरमध्ये त्याचं नाव घातलं, आत येण्याची वेळ अकरा पाच, आणि बाहेर जाण्याची वेळ म्हणून फोनवर त्याची शेवटची दिसलेली वेळ, अकरा सात. पानाचा फोटो काढून पाठवला, पुस्तकातल्या तारखेच्या चिठ्ठीचाही पाठवला, आणि खाली लिहिलं, 'तीन दिवसात वापस करावे.'

विकासला वाटलं, काका गंमत करताहेत. चौथ्या दिवशी दुसऱ्या एका मुलीने तेच पान मागितलं, तर पुंजाजींनी तिला कळवलं की पान बाहेर गेलं आहे, आलं की देतो. हे माझ्या कानावर आलं आणि मी तरातरा ग्रंथालयात गेलो.

"पुंजाजी, पुस्तक तुमच्यासमोर आहे. पान त्यात आहे. पुन्हा फोटो काढा आणि पाठवा."

"सर, पुस्तक एकच हाय. एका टायमाले दोघायले कसं देता येईन?"

"पान कुठंही गेलेलं नाही हो."

त्यांनी माझ्यासमोर रजिस्टर सरकवलं. "गेलं हाय सर. हे पाहा, विकासच्या नावावर हाय."

रजिस्टरात तसं लिहिलेलं होतं, हे मला नाकारता येईना. मी प्राचार्यांकडे गेलो. ते म्हणाले, महिनाभरात तपासणी समिती येते आहे, तोवर कशालाच हात लावू नका. आलिया भोगासी असावे सादर, म्हणत मी तासावर गेलो.

विकासने शेवटी पान परत पाठवलं, पण त्याने स्क्रीनशॉट पाठवला होता. पुंजाजींनी तो मूळ पानाशी ताडून पाहिला आणि नाकारला. "हे आपलं पान नाई," त्यांनी कळवलं, "आपल्या पानावर बॅटरी नव्हती." दुसऱ्यांदा पाठवलेल्या फोटोवर विकासने बोटाने पिवळ्या रेघा ओढलेल्या निघाल्या. त्या पुसून, तिसऱ्या खेपेला पान जमा झालं. आपल्याजवळचं काढून टाकल्याचं त्याला लिहून द्यावं लागलं. पान जरा धुरकट होऊन आलं होतं, ते पुंजाजींनी 'जीर्ण' म्हणून वेगळं नोंदवलं.

आता यातली खरी लाजिरवाणी गोष्ट सांगतो. मुलं वाचायला लागली. माझ्या बाराशे फाइली फोनमध्ये धूळ खात पडल्या होत्या, आणि पुंजाजींचं एक पान तीन दिवसांनी जाणार म्हणून मुलं ते तीन दिवस घोकत होती. एका कार्डावर एकच पान, असा नियम होता. मुलं रांगेत नंबर लावत, एकमेकांना निरोप धाडत, लवकर वाच आणि सोड. तपासणी समिती आली तेव्हा तिच्या छापील अर्जात एक प्रश्न होता, मोबाइलद्वारे किती साहित्य दिले. पुंजाजींनी सांगितलं, दिले तीनशे सत्तेचाळीस, वापस आले तीनशे सत्तेचाळीस. समितीतल्या बाईंनी चष्मा काढला, परत लावला आणि शेरा लिहिला की परतीचं प्रमाण इतरांनी आदर्श मानावं असं आहे. मला फार राग आला, कारण अहवालात ग्रंथालय समितीचा प्रमुख म्हणून माझंच नाव छापलेलं होतं.

या सगळ्या वाचकांत सर्वांत शिस्तीची होती धनज गावची नाजिश. तिचे वडील जमशेदभाई गादीवाले. यंत्रावर रुई पिंजायची, गाद्या भरायच्या आणि गावोगाव पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. बीएचे नाजिशचे सगळे विषय निघाले होते, एक भूगोल राहिला होता. तो दोनदा गेला होता. वडिलांनी सांगून ठेवलं होतं की तिसऱ्यांदाही गेला तर पुन्हा फॉर्म भरायचा नाही. लग्नसराईत घरी गाद्यांच्या खोळी शिवायला माणूस लागे, त्यामुळे तिला कामरगावला येणं जमत नसे. भूगोलाचं पुस्तक आमच्याकडे एकच, तेही कव्हर गेलेलं, लाल दोरीने बांधलेलं. त्याच्यावर शिक्का होता, 'ग्रंथालयाबाहेर नेण्यास मनाई.' तिला त्यातली त्र्याऐंशी ते एकशे नव्वद ही पानं लागत होती. ती रोज एक पान मागायची आणि दुसऱ्या दिवशी चारच्या आत परत करायची. फेब्रुवारीपासून अशी साठ पानं गेली आणि आली. एकसष्टावं, म्हणजे पान नंबर एकशे त्रेचाळीस, गेलं ते आलंच नाही.

पुंजाजींनी स्मरणपत्र पाठवलं. फोनवर एकच टिक दिसली. दुसरं पाठवलं, त्यालाही एकच टिक. तिसरं त्यांनी कागदावर लिहून सूचनाफलकावर लावलं, जो फलक धनजहून दिसत नाही. मे महिना सरत आला. बाकी सगळं साहित्य जमा होतं आणि रजिस्टरात एकच ओळ उघडी राहिली होती. पुंजाजींचं जेवण कमी झालं. मी त्यांची समजूत काढली की अहो, एका फोटोसाठी एवढं काय, तर ते म्हणाले, "सर, बत्तीस सालाचं हाय. एका पानापायी इस्कटून जाईन."

सव्वीस मेला सकाळी त्यांनी धनजला जायचं ठरवलं. परत आलेलं पान घ्यायला फोन लागणार होता, पण फोन ग्रंथालयाबाहेर न्यायचा तर तो कोणाच्या तरी कार्डावर जायला हवा. परिचराला कार्ड नसतं. म्हणून फोन माझ्या कार्डावर निघाला, आणि फोनसोबत मलाही निघावं लागलं. मोटरसायकल माझी, पेट्रोल माझं, मागे पुंजाजी, त्यांच्या पिशवीत रजिस्टर, शिक्का, शाईचं पॅड आणि ते लाल दोरीचं पुस्तक. पान ताडून पाहायला पुस्तक हवंच होतं.

"याच्यावर मनाईचा शिक्का आहे," मी खवचटपणे म्हणालो.

"मी हाय तिथं ग्रंथालयच हाय, सर," ते म्हणाले. "चाला."

जमशेदभाई अंगणात यंत्राजवळ होते. डोक्यापासून पायापर्यंत रुई. त्यांनी खाट टाकली, पाणी दिलं. पुंजाजींनी खाटेवर रजिस्टर उघडलं, शेजारी शिक्का आणि पॅड मांडलं, आणि येण्याचं कारण सांगितलं.

"भाऊ, तो फोन आता नाई राह्यला," जमशेदभाई म्हणाले. "खिशातून मशीनीत पडला. रुईसंगं पिंजून गेला."

"मंग पान?"

"पान बी गेलं असन."

"कुठं गेलं?"

जमशेदभाईंनी थोडा विचार केला. माणूस प्रामाणिक. "गादीत गेलं असन. लय बारीक तुकडे झालते, सारे येचता नाई आले. मालेगावच्या नवरदेवाची गादी होती."

पुंजाजींनी चष्मा सावरला आणि रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पान क्र. १४३ — गादीत, मालेगाव.' मग विचारलं, "त्या नवरदेवाचा पत्ता द्या."

आता मात्र माझा संयम सुटला. "पुंजाजी, तुम्ही कोणाच्या तरी नव्या संसाराची गादी उसवणार आहात का? पुस्तक तुमच्या पिशवीत आहे. पान त्यात आहे. हात घालून पाहा."

"पुस्तक हाय, सर. दिलेलं पान बाहेर हाय."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा आता मालेगावपर्यंत जाणार अशी मला धास्ती पडली. तेवढ्यात नाजिश आतून आली. हातात शंभर पानी वही. पुंजाजींनी सवयीने आधी हजेरीत तिचं नाव घातलं, आत आली अकरा चाळीस. आपल्याच अंगणात आपली हजेरी लागलेली तिने पाहिली आणि वही पुढे केली.

"काका, तुमी रागावसान म्हनून मी सांगतलं नोतं," ती म्हणाली. "अब्बा सकाळीच फोन घेऊन जातेत. मंग दिवसा काय वाचाव? म्हनून पान आलं का मी रातोरात उतरवून घे. मंगच वापस करे. फोनमधलं खरंच काढून टाके, काका. तेवढं खोटं नाई."

पुंजाजींनी वही घेतली. मीही वाकून पाहिलं. पान त्र्याऐंशी ते पान एकशे त्रेचाळीस, निळ्या बॉलपेनने, ओळीला ओळ. नकाशे होते, मातीचे प्रकार रंगवलेले होते, रंग नव्हते तिथं खोळींच्या कापडाचे तुकडे चिकटवले होते. काळ्या मातीला काळी चिंधी, रेताडीला पिवळी. पुस्तकाच्या शंभराव्या पानावर ग्रंथालयाचा गोल शिक्का आहे. तो तिने पेनने, कॉलेजच्या नावासकट, काढला होता.

"शिक्का काहून काढला?" पुंजाजींनी विचारलं.

"पानावर होता म्हनून."

ते पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "पोरी, साठ पानं मी वापस घेतले. माह्या रजिस्टरात ते साठही जमा हायत. मंग हे काय हाय तुह्याजवळ?"

नाजिशच्या आईने, मेहरबीने, चहा आणून माझ्या हातात दिला. मला त्या पोरीची कीव आली आणि पुंजाजींचीही आली, आणि दोन्ही एकदम आल्याने मी चहा सांडला.

पुंजाजी कामाला लागले. वहीतलं एकशे त्रेचाळीसावं पान त्यांनी ग्रंथालयाच्या फोनवर टिपलं, पुस्तक उघडून शब्द न शब्द ताडला. एक वेलांटी चुकली होती, ती नाजिशकडून दुरुस्त करून घेतली आणि पुन्हा फोटो काढला. मग गादीची नोंद खोडली, 'जमा' लिहिलं, शिक्का मारला. शेवटच्या पानावर जाऊन, बाहेर असलेल्या साहित्याच्या रकान्यात, फोन जमा व्हायचा होता म्हणून पेन्सिलीने, शून्य काढलं. ते गोल चांगलं वाटाण्याएवढं होतं. बत्तीस वर्षांनी माणसाला जे पाहिजे ते मिळालेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला मनापासून बरं वाटलं.

"काका," नाजिश म्हणाली, "एकशे चव्वेचाळीस कसं भेटन आता?"

पुंजाजींचा हात रजिस्टर मिटता मिटता थांबला.

"पेपर कधी हाय?"

"तीन जूनले."

सत्तेचाळीस पानं राहिली होती. आठ दिवस. घरात फोन नाही, नवा घ्यायचा तर लग्नसराईची गिऱ्हाइकं पैसे देतील तेव्हा. मी म्हणालो, झेरॉक्स काढून आणून देऊ. पुंजाजी म्हणाले, "झेरॉक्सनं पुस्तकाची कंबर मोडते, सर. ते दोरी सुटली का पानायचा पाला होईन." ते खरंच होतं. ते पुस्तक उपडं घातलं असतं तर पुन्हा उचलता आलं नसतं.

पुंजाजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. पिशवीतलं पुस्तक बाहेर काढलं आणि मांडीवर ठेवलं. दोरी तपासली. मनाईच्या शिक्क्यावर अंगठा फिरवला, जसा काही तो पुसून जाणार होता. यंत्र बंद होतं, अंगणात रुई उडत होती, आणि आम्ही चौघं एका परिचराकडे पाहत बसलो होतो.

मग त्यांनी खिशातून खोडरबर काढलं आणि ते शून्य पुसलं. नीट पुसलं, फुंकर मारली. त्या जागी पेनने एक लिहिला. नाजिशच्या नावावर पुस्तक चढवलं, परतीची तारीख चार जून. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारून ते तिच्या हातात दिलं.

"दोरी सोडायची नाई," ते म्हणाले. "चहा दूर ठेवाचा. उतरवून घे, पन आधी वाच."

"काका, तुमी तं एकतीसले..."

"हो. मी नसन तवा. सरायजवळ जमा कर. ते असतीन."

येताना पिशवी हलकी होती. कामरगाव यायच्या आधी, उन्हात, ते मागून एवढंच म्हणाले, "सर, वाईट नाई वाटून राह्यलं. त्याचंच इचित्र वाटून राह्यलं."

एकतीस मेला प्राचार्यांनी शाल दिली, ती त्यांनी घेतली. चार्ज मला घ्यावा लागला, कारण समितीप्रमुख मीच. मी मोठ्याने वाचलं, एकूण नोंदी आठ हजार चारशे बारा, हरवलेले शून्य, बाहेर असलेले एक. प्राचार्य म्हणाले, अरे, एक कसं काय, पुंजाजी? पुंजाजींनी खाली सही केली, आणि सहीखाली दोन रेघा ओढल्या.

चार जूनला अकराच्या आधीच नाजिश दारात उभी होती. मी तिला बॅग बाहेर ठेवायला सांगितलं. दोरी जशीच्या तशी होती, गाठसुद्धा तीच. पेपर कसा गेला विचारलं, तर म्हणाली, मातीवर चौदा गुणांचा प्रश्न होता, पुरवणी लागली. मी पुस्तक जमा करून घेतलं, रजिस्टरात एक खोडून पेन्सिलीने शून्य काढलं, आणि काउंटरवर पुस्तक ठेवून ग्रंथालयाच्या फोनने त्याचा फोटो पुंजाजींच्या घरच्या फोनवर पाठवला. लगेच दोन निळ्या टिका दिसल्या. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बत्तीस वर्षांची इच्छा पुरी झाल्याचं कळवावं आणि माणसाने साधा अंगठाही दाखवू नये, याचा मला राग आला.

तिसऱ्या दिवशी बरोबर अकराला तोच फोटो परत आला. खाली लिहिलं होतं, 'सर, पाह्यला. मुदतीत वापस करून राह्यलो.'

मी फोटो मोठा करून तपासला. रेघ नव्हती, बॅटरी नव्हती. जमा करायला पेन उचललं, तेवढ्यात दुसरा निरोप आला.

'माह्याजवळचा मात्र काढून नाई टाकला. ठेवून घेतला. तसं रजिस्टरात लिहा.'

मी शेवटचं पान उघडलं आणि शून्य पुसून एक लिहिला.